नळी बदलली, मग बंदूक तीच का?

नेहमीप्रमाणे हा भाग ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतो त्यांच्यासाठी इथे शब्दात उतरवलाय. बोललोय तसंच ठेवलंय, फक्त 'अं', 'म्हणजे ना' वगैरे कमी केलेत.

आज एका प्रश्नापासून सुरुवात करू. समजा तुमच्या घरात आजोबांचा तबला आहे. पुडी फाटली. तुम्ही नवी पुडी बसवून आणलीत. दोन वर्षांनी वादी बदलली, गट्ठे बदलले. खोड मात्र तेच जुनं. कुणी विचारलं तर तुम्ही काय सांगाल? 'आजोबांचा तबला आहे.' बरोबर? पण आवाज तर पुडीतून येतो. शाई पुडीवर, चाट पुडीवर, बोल पुडीवर. जिच्यातून सगळं संगीत निघतं तीच बदललीत आणि तरी तबला आजोबांचाच!

आता तबल्याच्या जागी एक जुनी रायफल ठेवा. दीडशे वर्षांपूर्वीची, सिंगल शॉट, म्हणजे एका वेळी एकच काडतूस घालायचं, उडवायचं, रिकामं काढायचं, पुढचं घालायचं. तिची नळी आतून गंजून गेलीये. कुणीतरी ती काढून दुसरी बसवली. आता ही रायफल तीच का?

गंमत म्हणजे या प्रश्नाला इंग्लंडचा कायदा एक उत्तर देतो, अमेरिकेचा दुसरं, आणि आपला तिसरंच. आणि ही नळी कुणाला कोणती द्यायची यावरून आपल्याच इतिहासात बरंच काही घडून गेलंय. तिकडे येतोच.

आधी एक सांगून टाकतो. मी मेकॅनिकल डिप्लोमावाला माणूस. भोसरीत टूलरूममध्ये लेथवर, बोअरिंगवर काम केलंय. मला बंदुकीत रस आहे तो मशीन म्हणून. जगात इतक्या कमी पार्टमध्ये इतकी अचूकता मागणारी मशीनं फार थोडी आहेत. त्यामुळे आजचा भाग 'घरी करून पाहा' वाला नाही. का नाही, ते शेवटी कायद्याच्या भाषेतही सांगणार आहे.

तर आधी भाग ओळखून घेऊ. रायफल म्हणजे ढोबळमानाने तीन गोष्टी. एक, लाकडी दस्ता, जो खांद्याला लागतो. दोन, मधली लोखंडी बॉडी. तिच्यात चाप असतो, काडतुसाच्या मागे दार बंद करणारा तुकडा असतो, आणि टाचणीसारखी एक पिन असते जी काडतुसाच्या बुडावर आपटते. तीन, नळी.

नळीच्या आत सर्पाकार खाचा असतात. त्यालाच रायफलिंग म्हणतात आणि त्यावरूनच 'रायफल' हे नाव. या खाचा गोळीला फिरकी देतात. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, थांबला की पडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. गोळीचंही तसंच. फिरत गेली तर सरळ जाते. खाचा नसतील तर ती हवेत भरकटते. म्हणजे नेम माणसाचा असला तरी तो पाळायचा की नाही हे नळी ठरवते. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं राजकारण यावर आहे.

चला, लंडनच्या उत्तरेला एनफिल्डला जाऊ. तिथे ब्रिटिश सरकारचा रायफलींचा कारखाना होता. १८५३ च्या नमुन्याची एनफिल्ड रायफल तुम्हाला माहितीये, शाळेच्या पुस्तकात नाव न घेता भेटलेली. १८५७, काडतूस, चरबी, दाताने तोडणं. तीच ती. ठासणीची होती, म्हणजे तोंडाकडून दारू आणि गोळी ठासायची. पण नळीला आत खाचा होत्या, त्यामुळे तिचा पल्ला आधीच्या बंदुकींपेक्षा कितीतरी लांब होता.

उठाव मोडून काढल्यावर इंग्रजांनी काय केलं? हिंदी शिपायांच्या हातात बंदूक तर द्यायची होती, कारण त्यांच्याशिवाय राज्य चालणार नव्हतं. पण आपल्याइतकी चांगली द्यायची नव्हती. मग १८५८ मध्ये एक नमुना निघाला. बाहेरून हुबेहूब एनफिल्ड. आतून खाचा कोरून काढून टाकलेल्या. गुळगुळीत नळी! टूलरूमच्या भाषेत सांगायचं तर रिबोअर केलं. चांगला चालता जॉब घेतला आणि मुद्दाम बिघडवला.

ती नळी मुळात रायफलिंग धरून बनवलेली. आतून इतकं लोखंड काढल्यावर भिंत पातळ झाली आणि नळ्या वाकायला, चेपायला लागल्या. म्हणून १८५९ मध्ये जाड भिंतीची, मुळातूनच गुळगुळीत नळी असलेली बंदूक काढावी लागली. विचार करा. बॉडी तीच, दस्ता तोच, गणवेशातला शिपाई लांबून तसाच दिसणार. फरक फक्त नळीच्या आत, जिथे कुणाचं लक्ष जात नाही. 'तुझ्यावर विश्वास आहे, पण शंभर पावलांपुरताच' हे इतक्या शांतपणे लोखंडात लिहिलेलं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

पुढे जाऊ. १८६६. आता जगभर मागून काडतूस भरायच्या बंदुका येत होत्या. ब्रिटनकडे ठासणीच्या एनफिल्डचा ढीग पडलेला. फेकायच्या कशा? जेकब स्नायडर नावाच्या अमेरिकन माणसाची युक्ती त्यांनी घेतली. जुन्या नळीचा मागचा तुकडा कापायचा आणि तिथे बाजूला उघडणारं झाकण असलेला भाग बसवायचा. म्हणजे नळी ठेवली, मागचा भाग बदलला. ही स्नायडर-एनफिल्ड.

मग १८७१ मध्ये पूर्ण नवी रायफल आली, मार्टिनी-हेन्री. आपल्या आजच्या गोष्टीची नायिका हीच. नावात दोन माणसं आहेत. फ्रीडरिख फॉन मार्टिनी, स्वित्झर्लंडमध्ये कारखाना असलेला इंजिनिअर, त्याची बॉडीतली यंत्रणा. तीही त्याने हेन्री पीबडी नावाच्या अमेरिकनाच्या कल्पनेवर सुधारणा करून बनवलेली. आणि अलेक्झांडर हेन्री, एडिंबरोचा बंदूक बनवणारा, त्याची नळी, सात खाचांची. म्हणजे नावातच बॉडी एकाची आणि नळी दुसऱ्याची! खाली एक लांब दांडी असते, ती खाली ओढली की काडतुसामागचा ठोकळा पुढून खाली झुकतो, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवं सरकवायचं, दांडी वर. बस. नळीचा बोअर सुमारे साडेअकरा मिलिमीटर, गोळी जवळपास ३१ ग्रॅमची. एवढी जड गोळी आज ऐकूनच खांदा दुखतो.

१८७९ मध्ये झुलूंविरुद्धच्या लढायांत हीच रायफल होती. सतत गोळीबार केला की नळी इतकी तापायची की हात लावता येत नसे, म्हणून शिपाई नळीभोवती गाईचं कातडं शिवून घ्यायचे.

आणि आता आपल्याकडचा धागा. २७ जुलै १८८०. अफगाणिस्तान, कंदाहारजवळ मैवंद. ब्रिटिशांची एक ब्रिगेड अयुब खानाच्या फौजेपुढे पार मोडली. अडीच हजारांच्या आसपास माणसं होती, त्यातले जवळजवळ हजार मेले. या ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण होती, ६६ वी, तिच्या हातात मार्टिनी-हेन्री. आणि मुंबई इलाख्याच्या फौजेतल्या हिंदी पलटणी होत्या, बॉम्बे ग्रेनेडिअर्स आणि जेकब्ज रायफल्स. त्यांच्या हातात स्नायडर. म्हणजे एक पिढी जुनी. एकाच मैदानात, एकाच उन्हात, एकाच शत्रूसमोर. लढाई काही फक्त रायफलीमुळे हरली नाही. समोरच्या तोफा भारी होत्या, संख्याही बरीच जास्त होती, पाणी नव्हतं. पण 'हिंदी शिपायाला एक पिढी मागचं हत्यार' हे धोरण होतं, आणि त्याची किंमत आपल्या इलाख्यातल्या माणसांनी मोजली.

आता येतो खरा 'नळी बदला' कार्यक्रम. १८८८ मध्ये ब्रिटिशांनी मॅगझिनवाली ली-मेटफर्ड रायफल घेतली. बोअर एकदम बारीक, ०.३०३ इंच. हो, तीच आपली 'थ्री नॉट थ्री'! जिचं नाव आपण पोलिसांच्या संदर्भात कायम ऐकत आलो, २६/११ नंतरच्या बातम्यांतही ऐकलं, त्या बोअरची सुरुवात इथली.

आणि पुन्हा तोच प्रश्न. मार्टिनी-हेन्रींचं काय करायचं? बॉडी तर दणकट, अजून पन्नास वर्षं चालेल अशी. मग स्नायडरच्या वेळी केलं त्याच्या बरोब्बर उलट केलं. तेव्हा नळी ठेवून मागचा भाग बदलला होता. आता मागचा भाग ठेवला आणि नळी बदलली. १८८९ पासून जुन्या मार्टिनींच्या बॉडीत ०.३०३ ची नळी बसवायला सुरुवात झाली. काडतूस बारीक झालं म्हणून रिकामं काडतूस ओढणारी आकडी बदलली, ठोकळ्यात आणि पिनेत फरक केला. नाव पडलं मार्टिनी-मेटफर्ड. मेटफर्ड म्हणजे रायफलिंगची एक पद्धत, उथळ, गोलसर कडांच्या सात खाचा.

पण इथे एक घोळ झाला. मेटफर्डच्या खाचा काळ्या दारूसाठी आखलेल्या. काळी दारू भरपूर काजळी सोडते, ती उथळ गोलसर खाचांत साठत नाही, पुसायला सोपं. मग १८९१ च्या सुमारास कॉर्डाइट आलं, बिनधुराची दारू. काजळी गेली, पण उष्णता प्रचंड. त्या उष्ण वायूंनी उथळ खाचा खाऊन टाकल्या. नळ्या काही हजार गोळ्यांतच थकायला लागल्या. म्हणून १८९५ मध्ये एनफिल्डने पाच खोल, चौकोनी कडांच्या खाचांची नळी आणली आणि तीही जुन्या मार्टिनींच्या बॉडीत बसू लागली. ही मार्टिनी-एनफिल्ड.

म्हणजे बघा, अशीही रायफल असू शकते जिची बॉडी १८७० च्या दशकातली आणि नळी १८९० च्या दशकातली. आणि कारखान्याने हे लपवलं नाही, हे मला फार आवडतं. बॉडीच्या एका बाजूला मूळ शिक्का आणि मूळ वर्ष तसंच ठेवलं. दुसऱ्या बाजूला नवा शिक्का मारला, की अमुक साली ही बदलली, आता बोअर ०.३०३. एका रायफलीला दोन जन्मतारखा! आधार कार्डवर अशी सोय असती तर आपल्याकडच्या अर्ध्या काकांचा प्रश्न सुटला असता. (हसू)

भारतातही हा नळ्यांचा खेळ थांबला नाही. पुढे पोलिसांसाठी बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात मॅगझिनवाल्या थ्री नॉट थ्री घेऊन त्यांचा बोअर गुळगुळीत, ०.४१० चा केला. मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा. म्हणजे चांगली दहा गोळ्यांची रायफल परत सिंगल शॉट करून टाकली. १८५८ ची कल्पना, कपडे नवे. पुण्यातल्या मंडळींसाठी आणखी एक. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. जुन्या थ्री नॉट थ्रीच्या पितळी काडतुसाच्या बुडावर 'के एफ' अशी अक्षरं दिसली तर ती खडकीची.

आता जरा टूलरूममध्ये येऊ. नळी बदलणं म्हणजे नेमकं काय? बऱ्याच जणांना वाटतं, पाइप आहे, आटे आहेत, जुना काढा नवा फिरवा. नळाची तोटी बदलल्यासारखं.

तोटीचंच उदाहरण घेऊ, फार बरोबर बसतं. प्लंबर तोटी फिरवत नेतो आणि ती पूर्ण घट्ट झाली की तोंड खाली यायला हवं. पण नेमकी ती आडवी थांबते. मग तो काय करतो? उघडतो, आणखी टेप गुंडाळतो, परत फिरवतो. आता तोंड खाली. जुन्या रायफलीतही नळी बॉडीत आट्यांवर बसते. ती पूर्ण घट्ट झाली त्याच क्षणी माशी, म्हणजे नेम धरायची पुढची खूण, बरोब्बर वर यायला हवी. आकडीसाठी मागे कापलेली खाच बरोब्बर तिच्या जागी यायला हवी. आणि इथे टेप चालत नाही! लोखंडाला लोखंडच टेकलं पाहिजे. मग खांदा केसाएवढा घासायचा, परत लावायचं, परत बघायचं. टूलरूममध्ये ज्यांनी हाताने फिटिंग केलंय त्यांना माहितीये, या 'केसाएवढ्या'त दुपार जाते.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. काडतूस नळीत बसलं, मागचा ठोकळा बंद झाला, तर काडतुसाचं बूड आणि ठोकळा यांच्यात फट किती? घरचा कुकर आठवा. झाकणाची रिंग आतल्या वाफेने दाबली जाते आणि तिनेच वाफ अडते. पितळी काडतूस तेच काम करतं. दारू पेटली की पितळ फुगून नळीच्या भिंतीला चिकटतं आणि वायू मागे येऊ देत नाही. पण मागे फट जास्त असेल तर पितळ ताणलं जातं, फाटतं, आणि तो सगळा वायू मागे येतो. मागे कोण असतं? चेहरा. कुकरची शिटी उडाली तर छताला डाग पडतो. इथे डोळा जातो. आणि फट अगदीच कमी असेल तर ठोकळा बंदच होत नाही. म्हणून यासाठी वेगळी गेज असतात आणि हे काम अंदाजाने कुणी करत नाही.

तिसरी गोष्ट. नळी नवी घातली म्हणून बॉडी नवी होत नाही. बॉडीचं लोखंड त्याच काळातलं, त्याच काळच्या दाबासाठी. मार्टिनी त्यातल्या त्यात दणकट, म्हणून तिने ०.३०३ पेलली. पण त्या काळच्या सगळ्याच रायफली तशा नव्हत्या. स्नायडरच्या झाकणाकडून मार्टिनीचं काम मागायला गेलात तर ते झाकण तुमच्याकडेच येईल. जुन्या बुलेटच्या फ्रेमवर नव्या सुपरबाइकचं इंजिन चढवून ब्रेक जुनेच ठेवल्यासारखं. एकदा जोरात पळेल. एकदाच.

म्हणून इंग्लंडमध्ये 'प्रूफ' नावाची पद्धत आहे. लंडन आणि बर्मिंगहॅम इथे प्रूफ हाउस आहेत, बर्मिंगहॅमचं १८१३ पासूनचं. बंदुकीत नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवून बघतात. टिकली तर शिक्का. नळी बदललीत आणि विकायचीये? परत प्रूफ. जुन्या शिक्क्यावर नवी नळी चालत नाही.

माझा टूलरूममधला एक जुना मित्र आता बर्मिंगहॅमजवळ राहतो. तिथल्या शूटिंग क्लबमध्ये जातो, परवाना वगैरे सगळं रीतसर. त्यांच्या क्लबमधल्या एका म्हाताऱ्या सभासदाकडे मार्टिनी-हेन्री होती, नेपाळहून आलेली. ही नेपाळची भानगड छान आहे. २००३ मध्ये काठमांडूच्या एका जुन्या राजवाड्यातल्या शस्त्रागारातून जुन्या बंदुकांचा प्रचंड साठा अमेरिकन व्यापाऱ्यांनी विकत घेतला. शंभरेक वर्षं धूळ, ओल आणि घट्ट झालेलं ग्रीस यात पडलेल्या मार्टिनी. तिथून त्या जगभरच्या हौशी लोकांकडे पोचल्या. बॉडी बऱ्याचदा उत्तम निघते, नळी मात्र आतून पावसाळ्यानंतरच्या डांबरी रस्त्यासारखी.

मित्राचा फोन आला. म्हणाला, "अरे, ह्या बाबाला नवीन नळी बसवायचीये. दुकानदार म्हणतो दोन महिन्यांत करून देतो. तू काय म्हणतोस?"

मी म्हटलं, "जुन्या नळीचं काय करणार?"

"भंगारात, दुसरं काय. आतून संपलीये ती."

"आणि तिच्यावरचे शिक्के?"

फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाला, "ते बघितलं नाही रे."

मी त्याला फोटो पाठवायला सांगितलं. नळीच्या मागच्या टोकाला छोटे छोटे शिक्के होते, तपासनिसांचे, कारखान्याचे. अशा जुन्या रायफलीवर पलटणीचा, रॅकचा नंबरही सापडू शकतो. ही रायफल कुठे होती, कुणाच्या हातात होती, कधी दुरुस्त झाली, हे सांगणारा दुसरा कागद बहुतेक वेळा उरलेलाच नसतो. नळी भंगारात गेली की तो सातबारा गेला.

पण बाबांना रायफल चालवायची होती. ऐंशीच्या घरातला माणूस, "भिंतीवर टांगून मला काय करायचंय" असं म्हणणारा. तोही चुकीचा नाही ना! मशीन चालवण्यासाठीच असतं. टूलरूममधला कुठलाही माणूस हेच म्हणेल.

मधला रस्ता आहे आणि तो आपल्या गॅरेजवाल्यांना चांगला माहितीये. इंजिनचा ब्लॉक खराब झाला की आपण ब्लॉक फेकत नाही, आत स्लीव्ह टाकतो. तसंच जुनी नळी आतून मोठी करायची आणि तिच्यात पातळ भिंतीची, रायफलिंग असलेली नवी नळी बसवायची. बाहेरून सगळं जुनं. शिक्के जागच्या जागी. आतून नवी. बर्मिंगहॅमच्या पार्कर-हेल कंपनीचं लहान बोअरच्या रायफलींचं असं काम एके काळी प्रसिद्धच होतं. मार्टिनीसारख्या मोठ्या बोअरला हे सरसकट जमत नाही, भिंतीत किती लोखंड उरतं यावर सगळं. १८५८ च्या त्या पातळ भिंती आठवतायत ना? तोच धडा. म्हणून हे ठरवणारा माणूस जाणकार हवा.

बाबांच्या रायफलीचं शेवटी काय झालं? जाणकाराने मोजमाप घेऊन सांगितलं, स्लीव्हला पुरेसं लोखंड उरत नाही. मग नवी नळी बसली, परत प्रूफ झाली. पण जुनी नळी तेल लावून, कापडात गुंडाळून, त्याच पेटीत ठेवली. सोबत एक कागद, काय काढलं, काय घातलं, कुणी, कधी. उद्या ती रायफल कुणाच्याही हातात गेली तरी जुनी नळी परत चढवता येईल. एनफिल्डच्या कारखान्याने दुसऱ्या बाजूला शिक्का मारून जे केलं, तेच बाबांनी कागदावर केलं.

याच्या उलटही झालंय. १९१० च्या आसपास ऑस्ट्रेलियात शाळकरी कॅडेटसाठी छोट्या मार्टिनी बनवून घेतल्या होत्या. पुढे त्या स्वस्तात विकल्या गेल्या आणि लोकांनी बिनधास्त नळ्या काढून शिकारीच्या दुसऱ्या बोअरच्या बसवल्या. मूळ नळ्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. त्या वेळी कुणाला काही वाटलं नाही, कारण माल भरपूर होता. आज मूळ अवस्थेतली कॅडेट मार्टिनी लोक शोधत फिरतात.

आता सुरुवातीचा प्रश्न, कायद्याकडून. अमेरिकेतल्या केंद्रीय कायद्यात १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार 'अँटिक' धरतात, आणि वर्ष बघतात ते बॉडीचं. म्हणजे १८७९ च्या बॉडीवर नंतरची ०.३०३ नळी असली तरी ती अँटिकच. खोड आजोबांचं, तर तबला आजोबांचा!

इंग्लंडमध्ये बोअर बघतात. मूळ साडेअकरा मिलिमीटरच्या बोअरची मार्टिनी-हेन्री भिंतीवर शोभेला ठेवायची असेल तर परवाना लागत नाही, कारण तो बोअर कालबाह्य यादीत आहे. चालवायची म्हटलं की परवाना. आणि त्याच बॉडीवर ०.३०३ ची नळी असेल तर भिंतीवर टांगायलाही परवाना, कारण ते काडतूस आजही मिळतं. म्हणजे तिथे पुडी ठरवते.

आणि आपल्याकडे? १९५९ चा शस्त्र कायदा. यात बंदुकीचे भागसुद्धा बंदुकीत मोजले जातात. बंदूक दुरुस्त करायला, तिच्यात बदल करायलाही परवाना लागतो, आणि नळी कापून आखूड करायची तर त्याचं कलम वेगळं आहे. कालबाह्य किंवा पुराणवस्तू म्हणावी अशी बंदूक कायद्यातून सुटते, पण ती दुरुस्त करूनही चालण्यासारखी नसेल तरच. 'दुरुस्त करूनही' हे शब्द महत्त्वाचे. नवी नळी घालून चालू शकते? मग ती शोभेची वस्तू नाही, बंदूक आहे. त्यामुळे 'माझ्याकडे लेथ आहे, मी करतो' हा विचार इथेच सोडा. तो छंद नाही, गुन्हा आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण आपल्याकडे वाड्यात, माळ्यावर, देवघरामागच्या खोलीत जुनी बंदूक निघणं काही दुर्मीळ नाही. कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका आहेत. घाटावर जुन्या इनामदार, पाटील घराण्यांत काय काय असतं. अशी काही सापडली तर तीन गोष्टी. एक, ती भरलेली आहे असंच समजा. ठासणीच्या बंदुकीत पन्नास वर्षांपूर्वीची दारू तशीच असू शकते आणि कोरडी असेल तर ती पेटू शकते. चाप ओढून बघू नका, रीलसाठी तर मुळीच नाही. दोन, स्थानिक पोलिसांना कळवा, परवाना कुणाच्या नावावर होता ते शोधा. तीन, घासूनपुसून चकाचक करू नका. काथ्याने आणि चिंचेने घासलेल्या बंदुकीवरचे शिक्के गेले की ती कुणाची होती हे कायमचं गेलं.

माझं स्वतःचं उत्तर विचाराल तर मी खोडवाल्यांच्या बाजूचाही नाही आणि पुडीवाल्यांच्याही नाही. १८५८ ची ती गुळगुळीत नळीची एनफिल्ड बघा. बॉडी तीच होती, पण ती हातात घेणाऱ्या हिंदी शिपायासाठी ती रायफल राहिली नव्हती. आणि मार्टिनी-एनफिल्ड बघा, नळी पार बदलली, तरी दोन तारखांमुळे तिचा सगळा प्रवास आपण आज वाचू शकतो. फरक कुठे पडला? एक बदल फसवण्यासाठी होता, आतल्या आत केलेला. दुसरा बदल उघडपणे केला आणि लिहून ठेवला.

जुन्या वस्तूचा भाग बदलायला माझी हरकत नाही. तबला वाजला पाहिजे, मशीन चाललं पाहिजे. फक्त काढलेला भाग जपा आणि काय केलंत ते लिहा. आजोबांच्या घड्याळापासून काकांच्या लॅम्ब्रेटापर्यंत सगळ्याला हे लागू आहे.

तुमच्या घरातली अशी एखादी वस्तू, जिचा निम्मा भाग बदललाय आणि तरी तुम्ही तिला जुनंच नाव देता, तिच्याबद्दल एक मिनिटाचा ऑडिओ पाठवा. चांगल्या गोष्टी पुढच्या भागात ऐकवतो. बंदुकांचे फोटो मात्र पाठवू नका हं, ते पोलिसांना दाखवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!